पल्याडची बाई

धुळे, १२ मार्च २०२५

रा. रा. ज्ञानेश्वर अभिमन पाटील साहेब,

साहेब म्हटलं म्हणून फुगू नकोस. जळगावच्या तुझ्या ऑफिसात टपाल फोडणारी मुलगी कोण आहे मला माहीत नाही, तिला निदान वाटू दे की कुणीतरी मानाने लिहिलंय. फोनवर तू मला ब्लॉक केलंस, मेलला तुझी कंपनी उत्तर देते, म्हणून हे पत्र. पोस्टातली बाई म्हणाली, भावाला स्पीड पोस्ट, राखी फार लवकर निघाली का? मी म्हटलं, राखी नाही, नोटीस समजा.

आईबद्दल लिहायचंय. जानेवारीत तिला लकवा मारला तेव्हा तू दवाखान्यात दीड दिवस होतास, त्यातला अर्धा दिवस जिन्यात फोनवर. पुढचं तुला माहीत नाही. उजवा हात गेला तो गेलाच. माझ्याकडेच असते, धरून चालते. कळतं सगळं, हसते, रागावते, पण बोलणं संपलंय. तोंडातून नुसतं ‘तं, तं’ निघतं. जिच्या तोंडाला बोरी नदीकाठची गावं भ्यायची ती भागाबाई आता तहान लागली की पेल्याकडे बोट दाखवते.

तिला बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट मुलगी येते. ती म्हणाली, अशा माणसांना नवं शिकवण्यापेक्षा तोंडात मुरलेलं आधी परत येतं. गाणी, आरत्या, आकडे, नाहीतर शिव्या. आईंना काय पाठ होतं? मला हसूच आलं. आमच्या आईला आरतीचं दुसरं कडवं कधी आलं नाही. शिव्या मात्र अकराशे येत होत्या. तूच मोजल्या होत्यास.

टपाल फोडणाऱ्या मुली, तू बाहेरगावची असशील तर तुझ्यासाठी सांगते. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात आणि नदीच्या दोन काठांवर उभ्या राहून पल्याडच्या गावच्या बायकांना शिव्या घालतात. भांडण नसतं. वर्षभर सासरी गिळलेलं त्या दिवशी बाहेर काढायचं असतं. तुझ्या साहेबांचा पहिला ‘पल्याड’ हा मोबाइलवरचा खेळ त्यातून निघाला आणि त्यातल्या पल्याडच्या बाईचा आवाज आमच्या आईचा.

ज्ञान्या, मला ते मूळ आवाज हवेत. माझ्या जुन्या फोनमधला पहिला भाग उघडला की ‘नवीन आवृत्ती घ्या’ म्हणतो आणि बंद होतो. तुझ्याकडे ती काळी हार्डडिस्क आहे. तेवढी पाठव. बाकी काही नको, तुझं तोंडही नको.

दिपमाला


धुळे, ३० एप्रिल २०२५, आखाजी

ज्ञान्या,

तुझ्या कंपनीचं उत्तर आलं, छापील. ‘आपल्या प्रेमाबद्दल आभार. जुन्या भागांतील ध्वनिसामग्रीचे सर्व हक्क कंपनीकडे सुरक्षित आहेत.’ म्हणजे माझ्या आईने दिलेल्या शिव्या ऐकायला मला तुझ्या मालकांची परवानगी काढायला हवी. तुझं अक्षर कुठेही नाही. सहीसुद्धा यंत्राची.

आज सणाचं आईला चाकाच्या खुर्चीवर पांझरेच्या पुलाशी नेलं. एप्रिलात पांझरेला पाणी कुठलं, नुसता गोटा. पल्याड एक बाई शेळ्या चारत होती. आईने तिला पाहिलं आणि मान ताठ केली. डावा हात कमरेवर ठेवला, छाती भरून श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि ‘तं’ म्हणाली. शेळीवाली बिचारी भली, तिने लांबूनच हात जोडले. मी खुर्ची वळवली आणि घरी आणली.

आता तुझ्याविषयी. तू काय केलंस ते तुला कुणीतरी नीट सांगायला हवं, कारण तुझ्याभोवती सगळे टाळ्या वाजवणारे आहेत.

२०१३ साली जळगावच्या त्या भाड्याच्या खोलीत आपण रेकॉर्डिंगला बसलो, गोधड्या टांगून, पंखा बंद करून, मे महिन्यात. आईने माईककडे पाहिलं आणि म्हणाली, “ह्या डबीले काय शिव्या देऊ? समोर बाई पाहिजे ना!” मग तू तिला गच्चीवर उभी केलीस आणि मला गल्लीपलीकडच्या गच्चीवर. मी एक द्यायची, तिने दोन द्यायच्या. तीन दिवस. खालून रिक्षा जात होत्या. एक म्हातारी खाली थांबून ओरडली, “काय व्हयनं वं माय, कोनसंगे भांडी ऱ्हायनी?” तू तेसुद्धा खेळात ठेवलंस. तेव्हा तू वेडा होतास आणि मला फार आवडायचास.

काय खेळ होता तो! मारामारी नाही, गुण नाहीत. अल्याड तू, पल्याड बाई, मध्ये नदी. शब्द जुळवून शिवी बनवायची. एकदा दिलेली पुन्हा दिली की पाणी घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत, मग गळ्याशी. जिंकलास तर नदी ओलांडून हरलेल्या बाईला भरीत-पुरी नेऊन द्यायची. नाही दिलीस तर दुसऱ्या दिवशी खेळ उघडायचाच नाही. मे महिन्यात दुपारी बारा ते चार खेळ बंद, कारण त्या उन्हात जळगावात कुत्रंसुद्धा बाहेर पडत नाही. आणि ‘येतो’ न म्हणता बंद केला तर बाई तीन दिवस रुसायची. लोकांनी तुला विचारलं, हा बिघाड आहे का? तू छाती काढून सांगायचास, नाही, हा स्वभाव आहे.

मग तुला स्वभावाचीच लाज वाटायला लागली. तिसऱ्या भागात कोपऱ्यात गुण आले. लोकांना कळायला हवं ना आपण कुठे आहोत! दुपारची बंदी गेली, कारण बंगळुरूला ऊन नसतं. चौथ्यात नदीवर होडी आली आणि ती विकत मिळायला लागली, मग पाणी चढलं काय अन् उतरलं काय. भरीत-पुरी गेली, कारण जिंकणाऱ्याने काही का द्यावं? रुसवा गेला, लोक घाबरून परत येत नव्हते म्हणे. पाचव्यात बाईच्या हातात तलवार, सहाव्यात किल्ले, आणि आता सातव्याचं नाव ‘पल्याड : महासंग्राम’. अरे, त्यात नदी आहे का? पल्याड कशाच्या? दर वेळी तू एकच गोष्ट काढलीस आणि दर वेळी कारण चांगलं होतं. कोंबडीचं एकेक पीस उपटलं तर कोंबडी ओरडत नाही असं तुला वाटलं असेल.

चाळीस लाख लोक खेळतात म्हणे. खेळोत. त्यातल्या एकाला तरी पल्याडची बाई आठवते का विचार.

आणि आईची खबर. तुझा फोटो तिच्यापुढे धरला. तिने तोंड फिरवलं.

दिपमाला


धुळे, २२ जून २०२५

ज्ञानेश्वर,

तुझं पत्र मिळालं. तुझ्या हाताचं. अक्षर अजून तसंच, ओळ चढणीला लागलेली. तीनदा वाचलं.

हार्डडिस्क नाही. कंपनीने खेळ घेतला तेव्हा सगळे आवाज त्यांना गेले, त्यांनी ते यंत्राला शिकवले, आणि शिकवून झाल्यावर मूळ पुसून टाकले, कारण शिव्या असलेलं काही त्यांना पदरी ठेवायचं नव्हतं. पुसण्याच्या कागदावर सही तुझी. ‘अक्का, त्या दिवशी मला वाटलं आवाज तर यंत्रात आहेच, मग काय बिघडलं.’ हे वाक्य वाचून मी पत्र चुलीत घालणार होते. गॅस आहे म्हणून वाचलं.

अकराशे शिव्या, ज्ञान्या. एकही कागदावर नव्हती. आईच्या तोंडात होत्या आणि तुझ्या डब्यात. तिचं तोंड देवाने बंद केलं, डबा तू. तू म्हणतोस आता ते यंत्र आईच्या आवाजात काहीही बोलू शकतं. बोलू दे. मेल्या म्हशीला मणभर दूध.

आणि शेवटी तू विचारतोस, खेळातून पहिली शिवी काढून टाकायला कुणी लावली ते अक्काला आठवतं का.

आठवतं. आज लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

२०१५ साल. एकोणतीस वर्षांची मी, दोनदा ठरून मोडलेली, तिसरं स्थळ धुळ्याचं. हळदीच्या दिवशी माझा चुलतदीर मोबाइलवर तुझा दुसरा भाग खेळत बसला होता आणि मांडवात आईचा आवाज घुमला, ‘धुयानी याहीन भलती दानी, पाव्हनाले देस निस्तं पानी!’ सगळे हसले. माझ्या सासूबाई हसल्या नाहीत. सुमनबाईंना मी तेव्हा ओळखत नव्हते, आता ओळखते, त्या रात्री ओळखत असते तर घाबरले नसते. तुला आत ओढलं आणि म्हटलं, आत्ताच्या आत्ता काढ. तू म्हणालास, “अक्का, ही तुझ्या सासूला नाही, आखाजीची जुनी चाल आहे, धुळ्याच्या विहिणीला गावच देतं.” मी म्हटलं, तुझ्या खेळापायी माझं लग्न मोडेल. मी रडले. तू मांडवात लॅपटॉप उघडलास आणि काढलीस. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी.

तू लिहितोस, त्या दिवशी तुला कळलं की एक ओळ काढली की तक्रार थांबते. बरोबर आहे तुझं. शिकवणी माझी.

पण मी पुढे जे केलं ते तुला माहीत नाही. आईने दिवाळीत खेळ लावला आणि विचारलं, “मनी धुयावाली कोठे गई?” ती विहिणीची शिवी तिची सगळ्यात लाडकी. मी म्हटलं, ज्ञान्याने काढली, त्याला आता तुझी लाज वाटते. त्यानंतर ती तुझ्या खोलीवर राहायला आली नाही, पुढच्या भागांना आवाज द्यायला कितीदा बोलावलंस तरी गुडघे दुखतात म्हणाली. तू नवा आवाज शोधलास आणि मी सगळ्यांना सांगितलं, बघा, आईला काढून टाकलं.

आणखी एक. फोटोचं खोटं लिहिलं होतं. तिने तोंड फिरवलं नाही. लकव्यापासून तिला उजवीकडचं दिसत नाही आणि मी फोटो उजवीकडून धरला होता. मुद्दाम. तिला तो दिसलाच नाही. डावीकडून मी अजूनही धरलेला नाही.

हे सगळं लिहिल्याने तू सुटत नाहीस. मी एक काढायला लावली, उरलेल्या तू काढल्यास.

दिपमाला


धुळे, १७ ऑगस्ट २०२५

ज्ञान्या,

चोरासारखा आलास. कानबाईच्या सणाला आम्ही सगळे सासरच्या गावी भाऊबंदांत जाणार, घरी आईजवळ फक्त कामवाली असणार, हे तुला बरोबर ठाऊक. दोन तास बसलास म्हणे. सोबत आणलेल्या कानबाईच्या प्रसादाच्या रोटाचा घास तिला भरवलास. कामवालीला पाचशे रुपये दिलेस, ते मी तिच्याकडून काढून घेणार होते पण तिने साडीला लावले. आणि आईच्या डाव्या हाताला नवा फोन बांधून गेलास, पट्ट्याने, त्यात तुझा महासंग्राम.

मी तो लावून पाहिला. कोपऱ्यात एक बाई. कपाळाला चंद्रकोर, नाकात नथ, जणू ढोलपथकात नाचायला उभी. आपल्या आईने जन्मात नथ घातली नाही, तिचं नाक टोचलेलंच नाही. आणि ती बाई बोलली. ज्ञान्या, ती आईच्या आवाजात बोलली. तोच घोगरा, वरच्या पट्टीत चिरकणारा. फक्त भाषा बातम्या देणारीची. ‘स्वागत आहे, प्रिय खेळाडू! छान! पुन्हा प्रयत्न करा. तुमचे बक्षीस तयार आहे.’ हरलं तरी छान, जिंकलं तरी छान. माझ्या आईने आयुष्यात कुणाला छान म्हटलं नाही. माझा दहावीचा निकाल लागला तेव्हा म्हणाली होती, “बठ्ठा गाव पास व्हयना, तू काय नवं करं?” ते मला आजही शाबासकीहून मोठं वाटतं.

मी फोन काढून कपाटात टाकला. संध्याकाळी आई कपाटाकडे बोट दाखवून रडायला लागली. लहान मूल रडावं तशी, हुंदके देऊन. दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी मीच तो पट्टा पुन्हा बांधला.

ती दिवसभर ते ऐकते. खेळत नाही, तिला कुठे तलवार चालवता येते. हरत राहते, म्हणजे बाई बोलत राहते. स्वतःचा आवाज ऐकते आणि ओठ हलवते. मी तुझ्या नावाने बोटं मोडते आणि चार्जिंगला लावते.

थेरपिस्टला सांगितलं. ती म्हणाली, वा, स्वतःचा आवाज, याहून चांगलं काय. तिला आपली आई माहीत नाही.

दिपमाला


धुळे, ९ ऑक्टोबर २०२५

ज्ञानेश्वर,

आई बोलली.

गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळी मी तिला चहा पाजत होते. पेला तोंडाशी नेताना माझा हात हलला आणि चहा तिच्या पदरावर सांडला. तिने माझ्याकडे पाहिलं. नऊ महिन्यांपूर्वीची आई असती तर माझ्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. तिने तोंड उघडलं, दोनदा अडकली, आणि स्वच्छ म्हणाली, “छान. पुन्हा प्रयत्न करा.”

मला वाटलं फोन बोलला. फोन तर आत चार्जिंगला होता.

तेव्हापासून रोज एक-एक येतं. दारात माणूस आला की ‘स्वागत आहे’. जेवण झालं की ‘तुमचे बक्षीस मिळाले’. थेरपिस्टने आनंदाने टाळ्या वाजवल्या, फाइलीत लिहिलं, उत्तम प्रगती. शेजारच्यांनी पेढे आणले. माझ्या सासूबाई भेटायला आल्या, दहा वर्षांत पहिल्यांदा आईजवळ तासभर बसल्या. आईने त्यांना ‘स्वागत आहे’ म्हटलं, उठताना ‘पुन्हा या’ म्हटलं. सुमनबाई बाहेर येऊन मला म्हणाल्या, “विहीणबाई आता किती गोड बोलतात गं! आजाराने माणूस सुधारतं.” मी त्यांना चहा दिला. नुसतं पाणी द्यायचं मनात आलं होतं.

मी तिला जुन्या शिव्या ऐकवून पाहिल्या. मला जेवढ्या आठवतात तेवढ्या, साठ-सत्तर. गल्लीपलीकडच्या गच्चीवरून दिल्या तशा, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून, कमरेवर हात ठेवून, गळा फाडून. तिने ऐकल्या. तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. शेवटी तिचे डोळे भरले आणि ती घाबरून म्हणाली, “तुमची ढाल तयार आहे.” मी भांडतेय असं तिला वाटलं, ज्ञान्या. तिला तो खेळ आहे हे आठवत नाही.

मी रात्रभर नाही, पण बराच वेळ विचार केला. तुला चार शिव्या घालाव्यात म्हणून कागद घेतला होता. पण तिला शब्द लागतील आणि ते आता फक्त तुझ्याकडे आहेत. माझ्या तोंडून ती काही उचलत नाही. त्या नथवालीच्या तोंडून उचलते, कारण तो आवाज तिचा आहे. दुसऱ्या कुठल्या बाईकडून ती शिकणार नाही.

म्हणून विनंती करते. हा शब्द मी तुला उद्देशून पहिल्यांदा लिहितेय, मोठा समजून घे. त्या यंत्राकडून मला काही शब्द बोलवून घे. खेळात घालायचे नाहीत, वेगळ्या फाइलीत पाठव, मी तिच्या फोनवर लावते. पाणी हवं. भाकर हवी. दुखतंय, इथे दुखतंय. संडास, कारण त्यासाठी ती आजही माझा पदर ओढते आणि पाहुण्यांसमोर लाजते. थंडी. नको. झोप. ज्ञानेश्वर हेही घाल. फोटो मी काल डावीकडून दाखवला. ती बराच वेळ बघत राहिली, बोट तुझ्या चेहऱ्यावर ठेवलं, आणि शब्द शोधला, तो तिला सापडला नाही. तू आलास की तुला नावाने हाक मारेल. ये.

पाहिजे तर त्याच बातम्यांच्या भाषेत बोलवून घे. आपल्या भाषेत जमत असेल तर बरं, नाहीतर असू दे. मी भांडणार नाही.

आणि यादीच्या सगळ्यात वर माझं नाव ठेव, ते आधी पाठव. त्या मंगळवारपासून ती मला ‘प्रिय खेळाडू’ म्हणते, आणि मी ओ देते.

अक्का